अनुदान संपण्याआधी

नाट्यसंस्थेला एखाद्या फाउंडेशनचं अनुदान मिळालं की पहिला विचार होतो तो महोत्सवाचा. तीन दिवस गर्दी होते, कौतुक होतं आणि पुढच्याच महिन्यात तालमीच्या हॉलचं वीजबिल कोण भरणार, हा प्रश्न उभा राहतो. अनुदानातला एक हिस्सा तरी संस्थेची स्वतःची कमाई उभी करण्यासाठीच लावायला हवा. त्याची रीत अशी.

गेल्या तीन वर्षांचे ऑडिट झालेले हिशेब काढा. जमेचे तीन भाग करा: अनुदानं, देणग्या आणि स्वकमाई, म्हणजे तिकिटं, शिबिरांची फी, हॉलचं भाडं. मग प्रत्येक उपक्रमासमोर त्याचा खर्च मांडा. कार्यकर्त्यांनी विनामोबदला केलेल्या कामाची किंमतही त्यात धरा. ती सहसा कुणी धरत नाही, म्हणून उन्हाळी शिबिर कागदावर नफ्यात दिसतं.

आता एकच उपक्रम निवडा. बहुतेक संस्थांकडे पडून असलेली गोष्ट म्हणजे जागेचा वेळ. संध्याकाळी सहानंतर तालमी चालतात, दिवसभर हॉलला कुलूप असतं. समजा, ताशी 300 रुपये दराने महिन्याला 60 तास हॉल भाड्याने गेला. 18,000 रुपये आले. वीज, साफसफाई, दुरुस्तीचे 5,000 आणि बुकिंग पाहणाऱ्या अर्धवेळ माणसाचे 8,000 वजा केले की उरले 5,000. बुकिंग 44 तासांच्या खाली गेलं की पदरमोड सुरू. हा 44चा आकडा कार्यकारिणीतल्या प्रत्येकाला तोंडपाठ हवा. अर्ज लिहिण्याआधी दोन-तीन महिने हे करून पाहा आणि तारीख, वेळ, गटाचं नाव, रक्कम अशी साधी वही ठेवा. अर्जातल्या सुंदर परिच्छेदांपेक्षा अनुदान देणाऱ्याला ही वही जास्त पटते.

वर्षानुवर्षं फुकट तालमी करणारे गट नाराज होतील. त्यांना आधी बोलावून घ्या, समोर बसून दर ठरवा. नव्या मुलांसाठी आठवड्यातल्या काही वेळा सवलतीच्या ठेवा, पण त्या वहीत लिहा.

सीएची भेट इथेच घ्या, नंतर नाही. संस्थेच्या घटनेत असा उपक्रम बसतो का, ते पाहा. सार्वजनिक उपयोगाच्या कामासाठी नोंदलेल्या संस्थेला, आणि कलासंस्था बहुधा त्याच गटात येतात, व्यापारी स्वरूपाची कमाई वर्षाच्या एकूण जमेच्या 20 टक्क्यांच्या आत ठेवावी लागते. नाहीतर आयकराची सवलत धोक्यात येते. या कमाईचे हिशेब वेगळे ठेवा. नाटकाचं तिकीट माणशी 500 रुपयांपर्यंत असेल तर त्यावर जीएसटी लागत नाही, हेही दर ठरवताना ध्यानात असू द्या.

मग मागणी. कुणाकडे काय मागायचं, हे महत्त्वाचं. बंगळूरूचं इंडिया फाउंडेशन फॉर द आर्ट्स मुख्यतः कलाप्रकल्पांना आणि संशोधनाला पैसे देतं. हॉलच्या व्यवस्थापनाची मागणी तिथे बसत नाही. कंपन्यांच्या सीएसआर निधीत कला आणि संस्कृतीला जागा आहे, पण त्यासाठी संस्थेने सीएसआर-1 अर्ज भरून नोंदणी केलेली असावी लागते. बांधकाम मागू नका. आवाज बाहेर जाऊ नये म्हणून दारं-खिडक्यांची डागडुजी, पंखे, सतरंज्या आणि बुकिंगच्या माणसाचा पगार मागा: पहिल्या वर्षी पूर्ण, दुसऱ्या वर्षी निम्मा, तिसऱ्या वर्षी अजिबात नाही. हा उतरता पगार अर्जात स्पष्ट लिहा. अनुदानाचं सगळं मर्म त्यात आहे, कारण तो पगार हॉलच्या भाड्यातून निघायला लागला तरच पैसे कामी आले.

दर महिन्याच्या बैठकीत तास आणि जमा वाचून दाखवा. लागोपाठ सहा महिने 44च्या खाली राहिलात तर दर, वेळा किंवा उपक्रमच बदला आणि अनुदान देणाऱ्याला तसं कळवा.

एक गोष्ट मात्र या हिशेबाबाहेर ठेवा. नव्या लेखकाचं प्रायोगिक नाटक तिकिटांवर उभं राहणार नाही, राहायची सक्तीही करू नये. हॉलच्या भाड्यातली शिल्लक अशा नाटकांच्या तालमींसाठी राखीव, असा ठराव पहिल्याच वर्षी मंजूर करून इतिवृत्तात नोंदवा.