हिरवा दिवा मोजा!

भोरहून वरंधा घाटाकडे जाताना नीरा-देवघर धरणाच्या बाजूला हिर्डोशीचा परिसर लागतो. येथला पाऊस म्हणजे काय, ते भिजल्यावाचून कळायचे नाही! समजा, तेथील शाळेतल्या मुलांनी रास्पबेरी पाय या तळहाताएवढ्या संगणकावर रोजच्या पावसाच्या नोंदी ठेवल्या. एके दिवशी मध्येच वीज गेली आणि कार्डावरील फाइली बिघडल्या. मुलांनी नव्या कार्डावर कार्यप्रणाली भरली. पण पडदा काळाच! जूनच्या साऱ्या नोंदी जुन्या कार्डात अडकलेल्या. आता काय करावे?

हा संगणक जागा होतो तो खो-खोच्या खेळासारखा. पहिला गडी म्हणजे कारखान्यातच चिपमध्ये कायमचा कोरलेला छोटा प्रोग्रॅम. त्याच्यापासून खो पुढे जात जात कार्डावरील ‘स्टार्ट’ नावाच्या फाइलीपर्यंत पोचतो. ती कर्नेलला, म्हणजे कार्यप्रणालीच्या गाभ्याला उठवते. कर्नेल मग कार्डाच्या दुसऱ्या भागातील बाकीची प्रणाली शोधतो. खो कोठे चुकला, एवढेच आपल्याला हुडकायचे आहे.

लाल दिवा लागला नाही, तर आधी चार्जर व वायर पाहा. पाय ४ ला ५ व्होल्ट, ३ अँपिअरचा पुरवठा लागतो. मोबाइलचा जुना चार्जर पुष्कळदा अपुरा पडतो. चालू असताना दाब सुमारे ४.६३ व्होल्टच्या खाली गेला, तर पडद्याच्या कोपऱ्यात पिवळ्या विजेचे चिन्ह दिसते.

लाल दिवा आहे, पण पडदा काळा? मग हिरव्या दिव्याची उघडझाप मोजा. पाय ४ पर्यंतच्या संगणकांत चार लुकलुक म्हणजे स्टार्ट फाइल सापडली नाही. सात म्हणजे कर्नेल सापडला नाही. २०१९ साली पाय ४ आला. त्यापूर्वीची प्रणाली त्यात घातली, तर त्याला हवी ती स्टार्ट फाइल तिच्यात नसतेच! पडद्यावर नुसताच सप्तरंगी चौकोन येऊन थांबला, तर स्टार्ट फाइल उठली, पुढे अडले असे समजा.

नव्या कार्डाच्या बाबतीत एक घोटाळा फार होतो. प्रणालीची उतरवून घेतलेली प्रतिमा-फाइल साध्या फाइलीसारखी कार्डावर नकलून चालत नाही. ती ‘इमेजर’सारख्या प्रोग्रॅमने लिहावी लागते, म्हणजे कार्डाचे दोन्ही भाग बरोबर तयार होतात. असे कार्ड विंडोजच्या संगणकात घातले, की दुसरा भाग त्याला वाचता येत नाही आणि तो विचारतो, ‘फॉरमॅट करू का?’ येथे ‘नाही’च म्हणायचे, बरे का! जुन्या कार्डावर ‘हो’ म्हटलेत, तर जूनचा पाऊस गेलाच म्हणून समजा.

नव्या कार्डावर पाय सुरू झाला, की जुने कार्ड यूएसबी रीडरमध्ये घालून त्यालाच जोडा. दोन्ही भागांची रचना त्याला ठाऊक असते, म्हणून कार्ड फारच बिघडलेले नसेल तर नोंदींची फाइल दिसेल. ती लगेच पेनड्राइव्हवर उतरवून घ्या आणि शेवटची ओळ नीट तपासा. वीज गेली त्या क्षणी ती अर्धवट लिहिली गेलेली असू शकते.