गणिताच्या बाई आणि शत्रूचे गुप्त संकेत



संख्येतील अंकांच्या बेरजेस तिनाने भाग गेला, तर त्या संख्येसही तिनाने भाग जातो, ही कसोटी आपण वर्गात शिकवितो. ‘हिचा पुढे उपयोग काय?’ असे एखादा चुणचुणीत विद्यार्थी विचारतोच. त्याचे एक उत्तर पुढील चरित्रात आहे.

ॲग्नेस मेयर यांचा जन्म १८८९ साली अमेरिकेतील इलिनॉय राज्यात झाला. गणित, पदार्थविज्ञान, परभाषा आणि संगीत यांचा अभ्यास करून १९११ मध्ये त्या पदवीधर झाल्या. पुढे टेक्सासमधील ॲमरिलो गावी त्यांनी प्रथम संगीत व नंतर गणित शिकविले. पहिल्या महायुद्धात, १९१८ साली, त्या आरमारात दाखल झाल्या आणि संकेत विभागात काम करू लागल्या. विवाहानंतर त्या ड्रिस्कॉलबाई झाल्या.

जपानी आरमाराचा एक संकेतग्रंथ अमेरिकनांनी गुप्तपणे छायाचित्रे घेऊन मिळविला होता. तथापि संदेशांवर आणखी एक आवरण असे. ते बाईंनी १९२६ च्या सुमारास उलगडले. १९३० नंतर जपानने नवा ग्रंथ वापरात आणला. या वेळी छायाचित्रे नव्हती. केवळ निरीक्षण, तर्क व चिकाटी यांच्या बळावर बाईंनी व त्यांच्या सहकाऱ्यांनी तोही वाचनीय केला. १९३७ मध्ये मोटार-अपघातात त्यांचा पाय मोडला. तरीही काम सुटले नाही.

१९३९ च्या जूनमध्ये जपानी आरमाराने त्याहून कठीण पद्धत स्वीकारली. प्रत्येक शब्दासाठी पाच अंकी संकेतांक असे. त्यात दुसरी पाच अंकी संख्या हातचा न घेता मिळविली जाई. समजा, संकेतांक ३०२१६ आहे व मिळवावयाची संख्या ४७८८६ आहे. तर संदेशात ७७०९२ दिसेल. प्रेषणातील चूक ध्यानी यावी म्हणून मूळ संकेतांक तिनाने भाग जाणारेच निवडलेले होते. ही सावधगिरीच शोधकांच्या उपयोगी पडली. एकाच संख्येने झाकलेले निरनिराळ्या संदेशांतील गट एकाखाली एक मांडावयाचे. एक संख्या अजमावून ती सर्वांतून वजा करावयाची. प्रत्येक बाकीस तिनाने भाग गेला, तर अजमास खरा असण्याचा संभव फार!

या पद्धतीत शिरकाव करण्याचे आरंभीचे काम बाईंच्या गटाने केले. १९४० च्या अखेरीस त्यांची नेमणूक जर्मन यंत्रसंकेतावर झाली. हातांनी सोडविण्याची त्यांची रीत तेथे यशस्वी झाली नाही. परंतु जपानी संकेतांचे काम इतरांनी पुढे नेले. जोसेफ रोशफोर्ट व टॉमस डायर हे नाविक अधिकारी बाईंच्या हाताखाली शिकलेले होते. १९४२ च्या जूनमधील मिडवे बेटावरील हल्ल्याची पूर्वसूचना मिळाली, ती या दोघांच्या हवाई बेटांवरील कचेरीच्या परिश्रमामुळे. त्या लढाईत जपानने चार विमानवाहू जहाजे गमावली.

बाईंचे कार्य गुप्त असल्याने लोकांस ते कळले नाही. १९५९ साली त्या निवृत्त झाल्या व १९७१ साली वारल्या. अमेरिकेच्या राष्ट्रीय सुरक्षा संस्थेने आपल्या सन्माननीयांच्या यादीत त्यांचे नाव घातले ते २००० साली.

वर्गासाठी उपक्रम

१. तिनाने भाग जाणाऱ्या पाच अंकी संख्या देऊन मुलांकडून दहा शब्दांचा संकेतग्रंथ करवून घ्यावा.
२. एका गटाने हातचा न घेता बेरीज करून संदेश लिहावा. दुसऱ्याने हातचा न घेता वजाबाकी करून तो वाचावा.
३. मुद्दाम एक अंक चुकवावा व तिनाची कसोटी लावून चूक उघड होते का, ते पाहावे. कोणती चूक या कसोटीस सापडत नाही, याचा शोध मुलांनीच घ्यावा.

शिक्षकाच्या श्रमाचे फळ पुष्कळदा विद्यार्थ्याच्या हातून, दूर कोठे तरी प्रकट होते. तेथे शिक्षकाचे नाव असतेच असे नाही. म्हणून साधी कसोटीही नीट, कारणासह शिकवावी. ती कोणाच्या, केव्हा उपयोगी पडेल, हे आपणांस आज दिसत नाही.