लाखाचें घड्याळ

गेल्या श्रावणांत एके दिवशीं शाळा सुटल्यावर आमच्या एका माजी विद्यार्थ्याचे वडील मला भेटावयास आले. हडपसरच्या भाजीबाजारांत त्यांचा गाळा आहे. पहाटे तीनला उठणारा हा गृहस्थ दुपारची झोप मोडून सहसा कोणाकडे जात नाहीं. तेव्हां काम महत्त्वाचें असावें हें मीं ओळखलें. ते म्हणाले, "मास्तर, पोरगं घड्याळ मागतंय. किंमत लाखाच्या घरात. त्याची आई पाटल्या मोडायला निघाली. तुम्ही सायन्स शिकवता, तर त्या घड्याळात एवढं आहे तरी काय, ते एकदा बघून सांगा. तुम्ही घ्या म्हणालात तर घेतो."

मुलगा चांगला आहे. शाळेंत असतांना लांब पल्ल्याच्या शर्यतींत तो कधीं दुसरा आला नाहीं. आतां महाविद्यालयांत असून पहाटे कालव्याच्या कडेनें धांवतो, आणि त्यानें 'ट्रायथलॉन'चा ध्यास घेतला आहे. ज्या पालकांस हा शब्द नवा असेल त्यांच्यासाठीं सांगतों. पोहणें, सायकल चालविणें आणि धांवणें या तीन गोष्टी मध्यें विश्रांति न घेतां पाठोपाठ करावयाच्या, अशी ही शर्यत आहे. ऑलिंपिकमध्यें तिचे पल्ले १.५, ४० व १० किलोमीटर असतात. 'आयर्नमॅन' नांवाची जी तिची मोठी बहीण आहे तींत ३.८ किलोमीटर पोहून, १८० किलोमीटर सायकल हांकून मग ४२.२ किलोमीटर धांवावयाचें असतें, व हें सर्व साधारणपणें १७ तासांच्या आंत पुरें करावें लागतें. अशा खेळाडूंसाठींच हीं महागडीं घड्याळें निघालीं आहेत.

मीं त्या गृहस्थांकडून एक महिन्याची मुदत मागून घेतली. आमचा दुसरा एक माजी विद्यार्थी मगरपट्ट्यांतील एका कंपनींत आहे. त्यानें आपलें महागडें घड्याळ मोठ्या मनानें आम्हांस दिलें. आमच्या क्रीडाशिक्षकांजवळ कांहीं हजारांचें एक साधें घड्याळ होतें. एक डाव्या मनगटावर व एक उजव्या, अशीं दोन्ही बांधून त्या मुलानेंच धांवावें असें ठरलें, म्हणजे पाय तेच, वाट तीच, ऊनपाऊसही तेंच.

परीक्षेपूर्वीं यंत्राची ओळख हवी. अमेरिकेच्या जी. पी. एस. योजनेंतील उपग्रह पृथ्वीपासून सुमारें २०,२०० किलोमीटर उंचीवर फिरत असतात. सर्व पृथ्वी व्यापण्यास ते निदान २४ लागतात. प्रत्यक्षांत तीसच्या आसपास कामावर असतात. प्रत्येकांत अणुघड्याळ असून, 'मी अमुक ठिकाणीं आहें आणि माझ्या घड्याळांत इतके वाजले आहेत,' एवढाच निरोप तो अखंड पाठवीत असतो. हा निरोप प्रकाशाच्या वेगानें धांवतो, तरी माथ्यावरच्या उपग्रहापासून आपल्यापर्यंत पोहोंचण्यास त्याला सेकंदाचा सुमारें पंधरावा भाग लागतो. हा विलंब मोजला कीं अंतर निघालें. तीन अंतरांवरून जागा निश्चित होते, हें भूमिति शिकणारा मुलगा सहज सांगेल. मग निदान चार उपग्रह दिसले पाहिजेत असें कां म्हणतात? कारण मनगटावरच्या घड्याळांत अणुघड्याळ नसतें. त्याचें साधें स्फटिकाचें घड्याळ सेकंदाचा एक दशलक्षांश भाग जरी चुकलें, तरी अंतरांत ३०० मीटरांची चूक पडते. तेव्हां जागेचे तीन आणि वेळेचा एक असे चार अज्ञात झाले. आणि चार अज्ञातांस चार समीकरणें हवींत. बीजगणिताचा पुढें काय उपयोग, असें मला दरवर्षीं कोणीतरी विचारतो. त्यानें हा परिच्छेद पुन्हां वाचावा.

मूळ ही योजना अमेरिकन सैन्याची. १९८३ सालीं कोरियाचें एक प्रवासी विमान वाट चुकून रशियाच्या हद्दींत शिरलें व पाडलें गेलें. त्यानंतर ती नागरिकांसही खुली करण्याचें अमेरिकेनें जाहीर केलें. तथापि लोकांसाठींचा संदेश मुद्दाम अंधुक केलेला असे, व त्यामुळें शंभर मीटरांपर्यंत चूक होई. तो पडदा २ मे २००० रोजीं दूर झाला. मैदानाच्या लांबीएवढी चूक करणारें यंत्र धांवणाऱ्याच्या काय उपयोगाचें? म्हणूनच गार्मिन कंपनीचें धांवपटूंसाठींचें 'फोररनर' हें पहिलें घड्याळ २००३ सालीं आलें, व डोंगरदऱ्यांत वापरावयाचें 'फेनिक्स' २०१२ सालीं. आपल्या देशानेंही 'नाविक' ही स्वतःची योजना उभारली आहे. तिचा पहिला उपग्रह १ जुलै २०१३ रोजीं सोडण्यांत आला.

आतां परीक्षा. कालव्याच्या कडेला, जेथें आकाश मोकळें आहे, तेथें दोन्ही घड्याळांनीं काढलेल्या वाटा नकाशावर जवळजवळ एकमेकींवर पडल्या. लाखाचें कोणतें आणि साधें कोणतें हें नकाशावरून मला ओळखतां आलें नाहीं. मगरपट्ट्याच्या उंच इमारतींमध्यें मात्र भेद उघड झाला. साध्या घड्याळाच्या मतें आमचा विद्यार्थी दोनदां इमारतींच्या गच्चीवरून धांवला! डोंगरांत हांक मारली असतां मूळ आवाजामागून प्रतिध्वनि येतो, तसेंच येथें होतें. निरोप भिंतीवर आपटून लांबच्या वाटेनें येतो आणि घड्याळ फसतें. महागडें घड्याळ एकाच उपग्रहाचे दोन निरोप, १५७५.४२ व ११७६.४५ मेगाहर्ट्झ अशा दोन लहरींवर, ऐकतें. दुसरी लहर अधिक रेखीव असल्यामुळें मूळ निरोप कोणता व प्रतिध्वनि कोणता, हें त्यास बरेंच उमगतें. हा गुण खरा आहे, हें मी निःसंकोच लिहितों. पण इमारतींच्या दाटींत सराव करणाऱ्यास त्याचें जें मोल, तें कालव्यावर धांवणाऱ्यास नाहीं.

सणस मैदानावर आणखी एक मौज झाली. तेथील धांवपट्टी ४०० मीटरांची. दोन्ही घड्याळांनीं दर फेरीस त्याहून कांहीं अधिकच अंतर दाखविलें. मुलगा म्हणाला, "सर, पट्टीच चुकीची असेल." मनगटावरील यंत्रावर विश्वास आणि जमिनीवर आंखलेल्या रेषेवर अविश्वास, ही आजची रीत मला त्या वाक्यांत दिसली. घड्याळ सेकंदासेकंदाला एक ठिपका मांडतें. प्रत्येक ठिपका थोडा डावीउजवीकडे पडतो, आणि ते ठिपके जोडले कीं सरळ वाट नागमोडी होऊन लांबते. शिवाय दुसऱ्या मार्गिकेतून धांवल्यास एका फेरींत सुमारें सात मीटर खरोखरच अधिक पडतात, हें पुष्कळ मुलांच्या ध्यानींमनींही नसतें.

मोठ्या शर्यतींचें अंतर कसें मोजतात हें ऐकून तर तो थक्कच झाला. अधिकृत मॅरेथॉनचा मार्ग उपग्रहांनीं मोजीत नाहींत, सायकलनें मोजतात! चाकाला फेऱ्या मोजणारें एक लहानसें यंत्र लावावयाचें, पोलादी फितीनें मोजलेल्या सरळ रस्त्यावर तें पारखून घ्यावयाचें, आणि मग वळणांवर आंतल्या कडेपासून ३० सेंटिमीटर राखून सर्वांत जवळच्या वाटेनें जावयाचें. मार्ग चुकूनही आंखूड पडूं नये म्हणून हजारीं एक मीटर वर धरतात. १९८३ पासून पुण्याच्या आंतरराष्ट्रीय मॅरेथॉनमध्यें किती जण धांवले असतील. त्यांपैकीं आजकालचे पुष्कळसे शेवटीं मनगटाकडे पाहून संयोजकांना दोष देतात. ते प्रत्येक वळणावर बाहेरून गेले, हें कोणी सांगत नाहीं.

येथें एक जुनी गोष्ट आठवते. १९२० च्या अँटवर्प ऑलिंपिकला आपल्या देशानें जे थोडे खेळाडू धाडले, त्यांत बेळगांवकडील फडेप्पा दरेप्पा चौगुले हे होते. पुण्याच्या डेक्कन जिमखान्यावरील शर्यतींत खेडवळ मुलांना अनवाणी धांवतांना पाहून सर दोराबजी टाटांच्या मनांत हा संघ पाठविण्याचें आलें. चौगुल्यांनीं मॅरेथॉन २ तास ५० मिनिटें ४५ सेकंदांत पुरी करून एकोणिसावा क्रमांक मिळविला. त्या वर्षींचा मार्ग ४२.७५ किलोमीटरांचा होता, म्हणजे आजच्या ४२.१९५ पेक्षां अर्ध्या किलोमीटराहून जास्त. चौगुल्यांची वेळ आजच्या वेळांशीं ताडून पाहणारानें एवढें ध्यानांत ठेवावें.

उंचीची परीक्षा आम्हीं दिवे घाटांत घेतली. पालखीच्या वाटेनें चढतांना दोन्ही घड्याळांचे आंकडे बरेच निराळे आले. महागड्या घड्याळांत हवेचा दाब मोजणारें यंत्र असतें. साध्यांत तें नव्हतें, म्हणून तें उपग्रहांवरच विसंबून राहिलें, आणि उपग्रह उंची सांगण्यांत नेहमींच कच्चे. आपल्या भागांत दाब एक मिलिबार उतरला म्हणजे सुमारें नऊ मीटर चढलों असें समजावें. पण दाब हवामानानेंही बदलतो. आपल्याकडे तो सकाळीं दहाच्या सुमारास चढलेला आणि दुपारीं चारच्या सुमारास उतरलेला असतो. दाबाचा हा रोजचा चढउतार दोनतीन मिलिबारांचा असल्यामुळें, घड्याळानें मधून मधून चूक सुधारून घेतली नाहीं, तर टेबलावर ठेवलेलें घड्याळ दुपारपर्यंत वीस-पंचवीस मीटर डोंगर चढून जाईल. आठवीच्या मुलांनीं हा प्रयोग स्वतः करून पाहावा.

हृदयाचे ठोके हा खरा वादाचा विषय. घड्याळाच्या पाठीशीं हिरवा प्रकाश लुकलुकतो. रक्ताचा प्रत्येक लोट येतांच त्वचेखालीं तो कमीअधिक शोषला जातो व त्यावरून ठोके मोजतात. स्वस्थ धांवण्यांत हें ठीक चालतें. परंतु पट्टा सैल असला, थंडीनें त्वचेंतील रक्त आटलें, सायकलची मूठ घट्ट धरली किंवा एकदम वेग वाढविला, कीं तें भांबावतें. कधीं तर ठोक्यांऐवजीं पावलेंच मोजूं लागतें. छातीला बांधावयाचा पट्टा हृदयाची विद्युत् टिपतो आणि म्हणून अधिक विश्वासू असतो. फिनलंडच्या पोलर कंपनीनें बिनतारी पट्टा खेळाडूंसाठीं १९८२ सालींच आणला होता. असा पट्टा कांहीं हजारांत मिळतो, आणि लाखाच्या घड्याळाला जें साधत नाहीं तें साध्या घड्याळालाही त्याच्या जोडीनें साधतें.

पोहण्याविषयीं फार लिहीत नाहीं. पाण्याखालीं उपग्रहाचा निरोप पोहोंचत नाहीं. हात पाण्याबाहेर येईल तेवढाच काय तो ऐकूं येतो. तलावांत घड्याळ हातांच्या हालचालीवरून फेऱ्या मोजतें, व तलावाची लांबी आपणच त्यास सांगावी लागते. पंचवीसच्या जागीं पन्नास सांगितले तर तें निमूटपणें दुप्पट अंतर लिहून घेतें.

आतां या घड्याळाचा उपदेश. आज विश्रांति घ्या, उद्यां जोर करा, तुमची प्राणवायु घेण्याची कमाल शक्ति अमुक, असें तें रोज सांगतें. ही शक्ति खरोखर मोजावयाची तर तोंडावर मुखवटा बांधून प्रयोगशाळेंत धांवावें लागतें. घड्याळ ती वेग आणि ठोके यांवरून अनुमानानें काढतें. अनुमान वाईट नाहीं; पण त्याचा पाया ठोक्यांच्या कमाल मर्यादेवर असतो, आणि ती पुष्कळदां '२२० उणें वय' या सूत्रानें धरलेली असते. हें सूत्र सरासरीचें आहे. धडधाकट माणसांतही खरी मर्यादा त्याच्या दहाबारा ठोके वर किंवा खालीं सहज असते. पायाच इतका ढळला, तर वरच्या मजल्यांचे दशांश काय कामाचे?

मग लाख रुपये कशाचे? कांहीं दोन लहरींचे, कांहीं नकाशांचे, बरेचसे नीलमण्याच्या काचेचे व टायटॅनियमच्या चौकटीचे, आणि मुख्यतः विजेच्या सांठ्याचे. सतरा तासांच्या शर्यतींत घड्याळ मध्येंच मिटूं नये, ही मागणी रास्त आहे. डोंगरांत एकट्यानें हिंडणाऱ्यास नकाशाही प्राण वाचवील. परंतु बीड जिल्ह्यांतील आष्टी तालुक्याचा अविनाश साबळे २०२२ सालीं बर्मिंगहॅमच्या राष्ट्रकुल सामन्यांत ८ मिनिटें ११.२० सेकंदांत आला व केवळ ०.०५ सेकंदानें सुवर्णपदक हुकून रौप्य घेऊन परतला. तें अंतर कोणत्याही मनगटावरच्या यंत्राच्या आटोक्यांतलें नव्हे. त्याची तयारी लहानपणीं शाळेच्या लांब वाटेवर व पुढें सैन्यांत झाली.

महिना संपल्यावर बापलेक दोघेही आले. मीं सांगितलें कीं, पाटल्या मोडूं नयेत. लाखाच्या सुमारें चौथाईत मधल्या दर्जाचें घड्याळ मिळतें. त्यांत तिन्ही खेळ एका बटणानें पाठोपाठ मोजले जातात आणि सध्यांच्या शर्यतींस पुरेल एवढी वीज असते. त्याला छातीचा पट्टा जोडावा. आमच्या मोजणींत मुलाचें पोहणेंच सर्वांत कच्चें ठरलें आहे, तेव्हां उरल्या पैशांतून सहा महिने पोहण्याचा चांगला शिक्षक लावावा. बूटही झिजलेले आहेत. आणखी एक गोष्ट म्हणजे अशा घड्याळाची आंतली बॅटरी कांहीं वर्षांनीं म्हातारी होते. पाटल्यांचें तसें नाहीं.

मुलगा बराच वेळ गप्प होता. मग हळूच म्हणाला, "सर, तुमचं पटतं. पण क्लबमधल्या सगळ्यांच्या हातात तेच आहे." या वाक्याची परीक्षा आमच्या प्रयोगांत नव्हती, आणि खरें सांगावयाचें तर त्याचें उत्तर मजजवळ तयारही नव्हतें. मीं त्याला एवढेंच विचारलें कीं, त्यांच्यापैकीं किती जण तुझ्यापुढें धांवतात? त्यानें मनांत मोजलें. "दोघं," तो म्हणाला, आणि थोडा हंसला.

नवरात्रांत त्यानें मधल्या दर्जाचें घड्याळ घेतलें. तें दाखवावयास दोघे पुन्हां आले, तेव्हां वडिलांनीं तें हातांत घेऊन उलटसुलट पाहिलें व विचारलें, "मास्तर, बाकी राहू द्या. हे टाइम तरी बरोबर दाखवतं ना?"

मीं म्हणालों, "थेट उपग्रहावरून जुळवून घेतं. आपल्या शाळेच्या घंटेपेक्षाही बरोबर."

"मग रात्री माझ्याकडंच ठेवत जा रे," ते मुलाला म्हणाले. "तीनला गाळ्यावर जायचं असतं."