वळीव, साडेसात मीटरचं सेल आणि मोमेंट बॅलन्स

पावसाळ्यात मेसकडे जाताना छत्री उलटी झाली नाही असा हॉस्टेलवाला शोधून सापडणार नाही. वाऱ्याचा वेग दुप्पट झाला की त्याची ओढ दुप्पट नाही, चौपट होते. फ्लुइड मेकॅनिक्सच्या पेपरात हे सूत्र मी बरोबर लिहून आलो होतो. पण ते कळलं मे महिन्याच्या अखेरीला गोव्यात, विंडसर्फिंगच्या कॅम्पच्या शेवटच्या दिवशी.

विंडसर्फिंग म्हणजे पाण्यावर तरंगणारी फळी आणि तिला जोडलेलं शीड. होडीत डोलकाठी घट्ट बसवलेली असते. इथे ती युनिव्हर्सल जॉइंटवर असते, म्हणून कुठेही कलते आणि सुकाणू लागतच नाही. शीड पुढे कलवलं की फळी वाऱ्यापासून दूर वळते, मागे कलवलं की वाऱ्याकडे. 1968 साली ज्या दोघांनी याच्या पेटंटसाठी अर्ज केला, त्यातला जिम ड्रेक हा विमानांचा इंजिनियर होता. (मेकॅनिकलवाल्यांनो, कॉलर ताठ करू नका, जॉइंट तुमचा असला तरी माणूस एरोचा!) 1984 च्या लॉस एंजेलिस ऑलिंपिकमध्ये हा खेळ आला.

आता हिशोब. साडेसात चौरस मीटरचं सेल घ्या, गुणांक 1 धरा. 10 नॉट वाऱ्यात ओढ येते साधारण 12 किलो. 20 नॉटला 48 आणि 25 नॉटला 76! म्हणजे शेवटच्या पाच नॉटने जेवढी ओढ वाढवली, तेवढी पहिल्या दहानेही दिली नव्हती. हातांवर भार येऊ नये म्हणून कमरेला हार्नेस असतो, त्याचा हूक बूमच्या दोरीत अडकवायचा आणि अंग वाऱ्याच्या बाजूला बाहेर टाकायचं. सरळ मोमेंट बॅलन्स आहे. एका बाजूला ओढ गुणिले तिची उंची, दुसऱ्या बाजूला तुमचं वजन गुणिले तुम्ही किती बाहेर लोंबकळता ते अंतर. माझं वजन 62. मोठं सेल घेऊन 25 नॉटला हे समीकरण सुटत नाही. तेच 4.7 चं सेल लावलं तर ओढ 47 किलोवर येते आणि माणूस उभा राहू शकतो.

म्हणून जोराच्या वाऱ्यात आधी सेल लहान, मग फिन लहान. वेग वाढला की मोठी फिन फळीच उचलायला लागते. आणखी एक गोष्ट नवशिक्याला उलटी वाटते. वारा वाढला की डाउनहॉलची दोरी जास्त ताणायची. त्याने सेलची वरची मागची कड सैल पडते, झोत आला की वरचा भाग आपोआप उघडतो आणि जादा हवा सोडून देतो. ओढीचा मध्यही खाली राहतो. मला वाटायचं दोरी ताणली की सेलची ताकद वाढणार. सर म्हणाले, "अरे, तुझ्या छत्रीला हेच जमत नाही म्हणून ती मोडते."

कॅम्प दोनापावलाजवळ होता, समोर मुरगाव बंदर. तिथे दुपारी वारा समुद्राकडून येतो, म्हणजे काही बिघडलं तरी माणूस किनाऱ्याकडेच ढकलला जातो. पण मेअखेरीला पूर्वेला, घाटाच्या बाजूला ढग चढतात. मग समुद्रवारा एकदम पडतो आणि थोड्या वेळाने वळवाचा झोत येतो, तो जमिनीकडून. किनाऱ्यालगत पाणी सपाट दिसतं, लाट नाही, म्हणून भीती वाटत नाही. जसजसं बाहेर जाल तसतसा जोर वाढतो, आणि परत येणं म्हणजे वाऱ्याच्या तोंडावर येणं.

सरांनी सकाळीच लहान सेल घ्यायला सांगितलं होतं. मी म्हटलं, "सर, शेवटचा दिवस आहे, वारा कुठाय?" खरंच नव्हता. चारच्या सुमारास आला. पहिल्याच झोतात मी हूकसकट पुढे उडून सेलवर आपटलो. पुन्हा उभा राहिलो, पुन्हा आपटलो. चौथ्या वेळी मुठीच वळेनात. किनारा लांब गेला होता आणि मी चांगला पोहतो, त्यामुळे डोक्यात आलं ते हेच की फळी सोडावी आणि पोहत सुटावं.

ते केलं नाही एवढंच शहाणपण. फळी बुडत नाही, लांबून दिसते. पाण्यातलं डोकं दिसत नाही. पाण्यात पडलेलं सेल नांगरासारखं काम करतं, वाहणं मंदावतं. फळीवर गुडघे टेकून दोन्ही हात बाजूंना पसरले आणि सावकाश वर-खाली करत राहिलो. मदतीची ही खूण सगळीकडे समजते. पाऊस सुरू झाला, बंदर दिसेनासं झालं. किती वेळ गेला कोण जाणे, मग बोटीचा आवाज आला.

बोटीत सर काही बोलले नाहीत. किनाऱ्यावर आल्यावर माझ्यासमोर साडेसातचं सेल ठेवलं, गोड्या पाण्याचा पाइप हातात दिला आणि म्हणाले, "मीठ नीट धू. आता ऑक्टोबरलाच उघडायचंय."