तीन आंकड्यांचें उत्तर

प्रश्न विचारणाऱ्यास उत्तर मिळावें, आणि तें उत्तर "होय" असो वा "नाहीं" असो, स्पष्ट असावें, हा जगांतील साधा व्यवहारधर्म होय. तोच यंत्रांनाही लावून दिलेला आहे, हें मात्र पुष्कळांच्या ध्यानांत येत नाहीं. मोबाइलच्या पडद्यावर ४०४ किंवा ५०३ असा आंकडा उमटला कीं "नेट बंद पडलें" असें म्हणून आपण तो पुसून टाकतों. वास्तविक त्या वेळीं दूर कोठें तरी असलेल्या एका संगणकानें आपणांस नेमकें उत्तर धाडलेलें असतें. तें कसें वाचावें, एवढेंच प्रस्तुत लेखांत सांगावयाचें आहे.

ज्या संगणकावर पानें सांठविलेलीं असतात व जो मागेल त्यास तीं पुरवितो, त्यास सर्व्हर म्हणतात. आपल्या हातांतील ब्राउझर त्याच्याकडे मागणी करतो व सर्व्हर उत्तर देतो. या देवघेवीच्या नियमांस एचटीटीपी असें नांव आहे. जिनीव्हानजीकच्या सर्न या संशोधनसंस्थेंत टिम बर्नर्स-ली यांनीं १९८९ सालीं वेबची कल्पना मांडली व पुढें हे नियम रचले. त्यांच्या अगदीं पहिल्या रूपांत उत्तरासोबत आंकडा नसे. त्यामुळें आलेला मजकूर म्हणजे मागितलेलें पान आहे कीं नकार आहे, हें ओळखण्याचें साधन ब्राउझरजवळ नव्हतें. ही उणीव भरून काढण्यासाठीं उत्तराच्या पहिल्याच ओळींत तीन आंकडी संख्या घालण्याची रीत पडली, व १९९६ सालीं प्रसिद्ध झालेल्या एचटीटीपी १.० च्या नियमांत ती नमूद झाली. ई-मेलच्या नियमांत अशी रीत त्यापूर्वींच होती.

या संख्येचा पहिला आंकडा सर्वांत महत्त्वाचा. तो १ ते ५ यांपैकीं एक असतो. १ म्हणजे मागणी पोंचली, काम चालू आहे. २ म्हणजे मागणी पुरी झाली. ३ म्हणजे आणखी कांहीं करणें आहे, बहुधा दुसऱ्या पत्त्यावर जाणें आहे. ४ म्हणजे मागणींत कांहीं उणें आहे. आणि ५ म्हणजे मागणींत दोष दिसत नाहीं, पण ती पुरी करणें सर्व्हरलाच साधलें नाहीं.

एक उदाहरण घेऊं. २४ फेब्रुवारी १६७४ रोजीं सरनौबत प्रतापराव गुजर व त्यांचे सहा साथीदार नेसरीच्या खिंडींत धारातीर्थीं पडले. त्या लढाईची हकीकत देणारें पान आपल्या गांवच्या एका विद्यार्थ्यानें मागितलें असें समजा. पान आलें तर उत्तराचा आंकडा २००. काम सुरळीत झाल्यामुळें तो डोळ्यांस दिसत नाहीं. पान कायमचें दुसरीकडे हलविलें असेल तर ३०१, व सोबत नवा पत्ता. घर बदललेल्या माणसाचें पत्र टपालवाला नव्या पत्त्यावर धाडतो, तसेंच हें. तेंच पान ब्राउझरनें पूर्वीं आणून ठेविलें असेल व तें बदललें नसेल, तर ३०४, म्हणजे "तुजजवळचें पान चालेल". यांत डेटाही वांचतो व वेळही.

पत्त्यांतील एखादें अक्षर चुकलें, किंवा त्या पत्त्यावर आज पान नाहीं, तर ४०४. पान मुद्दाम व कायमचें काढून टाकलें असेल तर ४१०. पान पाहण्यापूर्वीं ओळख पटवावयास हवी व ती पटविली नाहीं, तर ४०१. परवानगीच नाहीं, तर ४०३. थोड्या वेळांत फार मागण्या केल्यास ४२९. कायद्याच्या कारणानें पान रोखलें असेल तर ४५१. हा आंकडा २०१६ सालीं नियमांत आला, व पुस्तकें जाळणाऱ्या राज्याचें चित्र काढणाऱ्या रे ब्रॅडबरी यांच्या "फॅरनहाइट ४५१" या कादंबरीवरून तो निवडला गेला.

आतां पांचाची पंगत. प्रोग्रॅममध्यें अकल्पित बिघाड झाला तर ५००. मधल्या सर्व्हरास मागच्या सर्व्हराकडून भलतेंच उत्तर आलें तर ५०२, वेळेंत उत्तरच आलें नाहीं तर ५०४. कामाचा भार झेपेना, किंवा दुरुस्ती चालू असली, तर ५०३. या उत्तरासोबत किती वेळानें पुन्हा यावें हेंही सर्व्हर सांगूं शकतो.

चार व पांच यांतील भेद केवळ संगणक शिकणाऱ्यांच्या उपयोगाचा आहे असें कोणी समजूं नये. १६ जुलै २०२१ रोजीं दुपारीं एक वाजतां राज्य मंडळानें दहावीचा निकाल जाहीर केला. कोरोनामुळें त्या वर्षीं परीक्षा रद्द झाली होती व निकाल अंतर्गत मूल्यमापनावर लावला होता. लक्षावधि विद्यार्थी एकाच वेळीं निकाल पाहूं लागले. मंडळाच्या वेबसाइटींस तो भार सोसला नाहीं व कित्येक तास निकाल उघडेना. अशा वेळीं मुलाच्या मनांत पहिली शंका येते ती स्वतःविषयीं : बैठक क्रमांक तर चुकला नाहीं? निकालांत माझें नांवच नसेल काय? पांचानें सुरू होणारा आंकडा त्यास सांगतो, "बाळा, उणें तुझ्याकडे नाहीं, थोडें थांब." घाबरून पुनःपुन्हा बटण दाबल्यानें मात्र सर्व्हरावरील भार वाढतच जातो.

उत्तर देणाऱ्यावरही जबाबदारी आहे. कांहीं वेबसाइटी पडद्यावर "पान सांपडलें नाहीं" असें लिहितात, पण आंकडा मात्र २०० धाडतात. वाचणाऱ्या माणसास खरें काय तें कळतें. आंकड्यावर विसंबणारें शोधयंत्र फसतें व त्या रिकाम्या पानाची खऱ्या पानांत गणना करूं शकतें. तसेंच पान हलवून ३०१ न ठेवणें म्हणजे घर बदलून कोणासही नवा पत्ता न देणें होय. तुमच्यापैकीं जे पुढें वेबसाइटी रचतील, त्यांनीं हें विसरूं नये.

तेव्हां विद्यार्थीमित्रहो, इतकें ध्यानांत असूं द्या. आंकडा चारानें सुरू झाला तर आपला पत्ता, ओळख व परवानगी तपासा. पांचानें सुरू झाला तर धीर धरा व कांहीं वेळानें पुन्हा मागा. आंकडाच आला नाहीं, तर मागणी पोंचली नसेल किंवा उत्तर वाटेंत अडलें असेल. अशा वेळीं प्रथम आपली रेंज व जोडणी पाहावी. आपली चूक कोणती व दुसऱ्याची अडचण कोणती हें ओळखतां येणें, हा विद्येचा मोठा लाभ आहे. तो या तीन आंकड्यांपासूनही घेतां येतो.