थेंबभर रक्ताचा हिशेब

भात शिजला की नाही हे पाहायला आपण सगळे पातेले उपसत नाही. चार शिते दाबून पाहतो. धान्याचा व्यापारीही सगळे पोते ओतून पाहत नाही. मूठभर दाणे काढतो आणि पारखतो. या मुठीला नमुना म्हणतात.

रक्त तपासतानाही असेच करतात. मोठ्या माणसाच्या अंगात सुमारे 5 लिटर रक्त असते. तपासणीला पुष्कळदा 2-3 मिलिलिटरच घेतात. त्याने चहाचा चमचाही भरत नाही. काही तपासण्यांना तर बोटावरचा एक थेंब पुरतो. तरी लोक म्हणतात, "रक्त काढलं की माणूस खंगतो." तेवढ्याने कोणी खंगत नाही. दुखणे वेळेवर कळले नाही, तर मात्र माणूस खंगतो.

नमुना खरा हवा

पोत्यात वर चांगले दाणे आणि खाली किडके असले, तर वरची मूठ आपल्याला फसवते. रक्तही नळीत उभे राहिले की त्यातल्या पेशी खाली बसतात. म्हणून तपासणारा नळी हलक्या हाताने खालीवर करतो. रक्त गोठू नये म्हणून नळीत आधीच औषध असते. नळीवर नावाची चिठ्ठी लावतात. नाव चुकले, तर एकाचे दुखणे दुसऱ्याच्या माथी बसते. म्हणून चिठ्ठीवरचे आपले नाव आपण स्वतः वाचावे. आता आपल्याला वाचता येते!

पेशी कशा मोजतात?

रक्तात तांबड्या आणि पांढऱ्या पेशी असतात. पांढऱ्या पेशी रोगाशी लढतात. त्या मोजायच्या, तर रक्तात 20 पट होईल इतके एक पाणी मिसळतात. त्याने तांबड्या पेशी विरघळतात, पांढऱ्या उरतात.

मग ते एका खास काचेवर घेतात. काचेवर शेताच्या वाफ्यांसारख्या बारीक चौकटी आखलेल्या असतात. चौकट 1 मिलिमीटर लांब व 1 मिलिमीटर रुंद. खोली मिलिमीटरचा दहावा भाग, म्हणजे साधारण वहीच्या कागदाच्या जाडीइतकी. सूक्ष्मदर्शकातून पाहून अशा चार चौकटींतल्या पेशी मोजतात.

रेघेवर बसलेल्या पेशीचे काय? बांधावरचे झाड दोन्ही शेतांत धरले, तर झाडांचा हिशेब चुकेल. म्हणून नियम असा : दोन बाजूंच्या रेघांवरच्या पेशी धरायच्या, उरलेल्या दोन बाजूंच्या सोडायच्या.

समजा, चार चौकटींत 140 पेशी निघाल्या. चार चौकटींत 0.4 घन मिलिमीटर मावते. एका घन मिलिमीटरसाठी त्याची अडीचपट, म्हणजे 350. रक्त 20 पट पातळ केले होते, म्हणून 350 गुणिले 20. झाले 7,000. मोठ्या माणसात 4,000 ते 11,000 हा आकडा साधारण ठीक समजतात.

आता पुष्कळ ठिकाणी हे काम यंत्र करते. मेंढ्या वाड्याच्या दारातून एकेक बाहेर पडल्या, की मोजायला सोप्या जातात. यंत्रातही पेशी बारीक छिद्रातून एकेक जाते आणि विजेच्या प्रवाहात अडथळा होतो. जितके अडथळे, तितक्या पेशी. ही युक्ती अमेरिकेच्या वॉलेस कूल्टर यांची. तिचे पेटंट त्यांना 1953 साली मिळाले.

आकडा कशासाठी?

तांबड्या पेशींत हिमोग्लोबिन असते. ते श्वासातला प्राणवायू अंगभर पोचवते. त्यात लोह असते. 100 मिलिलिटर रक्तात ते पुरुषाला 13 ग्रॅमच्या खाली आणि गरोदर नसलेल्या बाईला 12 ग्रॅमच्या खाली असले, तर रक्त कमी आहे असे समजतात. गरोदर बाईसाठी हिशेब थोडा वेगळा असतो, तो डॉक्टर सांगतात.

विहिरीचे पाणी शेंदताना धाप लागते, चक्कर येते. घरची माणसे म्हणतात, "आळशी झाली." बाईही म्हणते, "कामाचा शीण असेल." पण आकडा 8 निघाला, तर तो आळस नव्हे, ते दुखणे आहे. त्यावर औषध आहे. सांगितलेल्या लोहाच्या गोळ्या नेमाने घ्याव्यात, आणि रक्त का कमी झाले तेही डॉक्टरांना विचारावे.

तपासणीचा कागद फेकू नये. पुढच्या वेळी दोन्ही आकडे शेजारी ठेवून पाहावेत. गुण आला की नाही, ते कागद सांगेल.

प्रश्न
1. नमुना म्हणजे काय? घरातले एक उदाहरण सांगा.
2. नळी खालीवर का करतात?
3. चार चौकटींत 160 पेशी निघाल्या, तर एका घन मिलिमीटर रक्तात किती?