घोडामैदान

साखळी स्पर्धेचा नवा हंगाम तोंडावर आला, म्हणजे फुटबॉलप्रेमी लोकांमध्ये एक निराळेच चैतन्य संचरते. गेल्या वर्षीचा गुणतक्ता पुसला गेलेला असतो. विजेता काय आणि तळाशी राहिलेला काय, सर्वांच्या नावापुढे आज सारखेच शून्य असते. अशा वेळी प्रत्येक संघ म्हणजे झाकली मूठ. त्या मुठीत काय दडले आहे, याचा तर्क करण्यात जाणत्यांना मोठा रस वाटतो. वृत्तपत्रांतून लेख प्रसिद्ध होतात, संघांचे गुणदोष सांगितले जातात, आणि कोण पहिला येईल व कोण शेवटचा, याची भाकिते वर्तवली जातात.

अशी भाकिते म्हणजे निव्वळ गप्पा नव्हेत. त्यांनाही एक शास्त्र आहे. ते समजण्यासाठी आधी साखळी स्पर्धेचे स्वरूप ध्यानात घेतले पाहिजे. इंग्लंडातील सर्वांत वरच्या श्रेणीच्या स्पर्धेला प्रीमियर लीग असे नाव आहे. तीत २० संघ असतात. प्रत्येक संघ इतर प्रत्येकाशी दोनदा खेळतो. एकदा स्वतःच्या मैदानावर व एकदा प्रतिपक्षाच्या मैदानावर. याप्रमाणे प्रत्येकाच्या वाट्याला ३८ सामने येतात. विजयाला तीन गुण, बरोबरीला एक, आणि पराभवाला काहीच नाही. शेवटी ज्याचे गुण सर्वाधिक तो विजेता. तळाचे तीन संघ खालच्या श्रेणीत ढकलले जातात. बाद पद्धतीच्या स्पर्धेत एखादा दुबळा संघ एका दिवसापुरता भाग्यवान ठरू शकतो. नऊ महिने चालणाऱ्या साखळीत मात्र केवळ भाग्यावर कोणाचा निभाव लागत नाही. म्हणूनच साखळीचे भाकीत करणे त्या मानाने सोपे समजले जाते.

कुशल वैद्य ज्याप्रमाणे नाडी, जीभ, डोळे अशा अनेक खुणा पाहून निदान करतो, त्याप्रमाणे जाणता समीक्षकही संघाची परीक्षा अनेक अंगांनी करतो. गेल्या हंगामात संघ कितव्या स्थानी होता, हे तो प्रथम पाहतो. नंतर कोणते खेळाडू संघ सोडून गेले व कोणते नवे आले, याचा तो हिशेब मांडतो. गोलरक्षक विश्वासू आहे काय? बचावाची फळी अभेद्य आहे काय? मधली फळी चेंडू राखून पुढे पोहोचवू शकते काय? आघाडीच्या फळीत गोल करणारा कोणी आहे काय? हे प्रश्न तो क्रमाने विचारतो. अखेरीस प्रशिक्षकाचा अनुभव आणि संघाचे द्रव्यबळ जमेस धरून तो आपला निर्णय देतो.

२०१५ सालच्या ऑगस्ट महिन्यात इंग्लंडातील समीक्षकांनी हीच परीक्षा केली. आदल्या हंगामात लंडनच्या चेल्सी संघाने विजेतेपद मिळवले होते. यंदाही चेल्सी अग्रभागी राहील, असे पुष्कळांना वाटले. ज्यांना तसे वाटले नाही, त्यांनी मँचेस्टर सिटी, आर्सेनल किंवा मँचेस्टर युनायटेड यांची नावे घेतली. या तर्कात वावगे असे काहीच नव्हते. मागील २० हंगामांत विजेतेपद या चारच संघांकडे आलटून पालटून गेले होते. पाचव्या कोणाचा विचार करण्याचे कारणच काय?

आणि तळाशी कोण राहील? या प्रश्नाच्या उत्तरात अनेकांनी लेस्टर सिटी हे नाव लिहिले.

लेस्टर हे इंग्लंडच्या मध्यभागातील शहर. मोजे-बनियनांच्या आणि पादत्राणांच्या कारखान्यांबद्दल त्याची पूर्वीपासून ख्याती होती. भारतीय वंशाचे, विशेषतः गुजराती भाषा बोलणारे अनेक लोकही तेथे स्थायिक झाले आहेत. तेथील फुटबॉल संघ १८८४ साली स्थापन झाला. परंतु १३१ वर्षांत त्याला सर्वोच्च श्रेणीचे विजेतेपद एकदाही मिळाले नव्हते. १९२८-२९ च्या हंगामात तो दुसरा आला होता, हीच त्याची सर्वांत मोठी कमाई. २००८-०९ मध्ये तर तो तिसऱ्या श्रेणीत खेळत होता. तेथून वर चढत २०१४ साली तो प्रीमियर लीगमध्ये परतला, पण पहिल्याच हंगामात तळाशी जाऊन पोहोचला. २९ सामन्यांत त्याच्याजवळ अवघे १९ गुण होते. शेवटच्या नऊ सामन्यांपैकी सात जिंकून त्याने कसाबसा आपला बचाव केला आणि ४१ गुणांसह चौदावे स्थान मिळवले.

त्यातच नवा हंगाम सुरू होण्यापूर्वी संघाचा प्रशिक्षक बदलला. नव्याने आलेले क्लॉडिओ रानिएरी हे ६३ वर्षांचे इटालियन गृहस्थ होते. अनेक मोठ्या संघांना त्यांनी शिकवले होते; तथापि कोणत्याही देशाच्या सर्वोच्च साखळीचे विजेतेपद त्यांना लाभले नव्हते. शिवाय काही महिन्यांपूर्वीच ग्रीस देशाच्या संघाचे ते प्रशिक्षक असताना त्या संघाला फेरो बेटांसारख्या चिमुकल्या प्रदेशाकडून हार पत्करावी लागली होती, आणि रानिएरींना ते पद सोडावे लागले होते. त्यांची निवड पाहून लेस्टरच्याच अनेक हितचिंतकांनी कपाळाला हात लावला. स्वतः रानिएरींनीही मोठी भाषा केली नाही. वरच्या श्रेणीत टिकण्यासाठी ४० गुण मिळवावयाचे, एवढेच ध्येय त्यांनी खेळाडूंपुढे ठेवले.

इंग्लंडात खेळांवर पैसे लावण्याची एक अनिष्ट चाल आहे. त्या व्यवसायातील लोकांनी लेस्टरच्या विजेतेपदाची शक्यता ५००० ला एक अशी ठरवली होती. याचा सरळ अर्थ, त्यांच्या मते ही गोष्ट घडणारच नव्हती.

मग या जाणत्यांच्या नजरेतून काय निसटले? पहिली गोष्ट म्हणजे त्या शेवटच्या नऊ सामन्यांचे मोल. चौदावे स्थान सर्वांनी पाहिले. पण ते स्थान मिळवताना संघ अखेरीस कसा एकजीव झाला होता, इकडे थोड्यांचेच लक्ष गेले. दुसरी गोष्ट म्हणजे खेळाडूंची खरी योग्यता. आघाडीचा जेमी वार्डी हा सोळाव्या वर्षी लहान चणीचा म्हणून एका मोठ्या संघातून वगळला गेला होता. पुढे कितीतरी वर्षे तो कारखान्यात काम करून फावल्या वेळात लहान संघांकडून खेळत असे. रियाद महरेझ हा फ्रान्सच्या दुसऱ्या श्रेणीतून अल्प किमतीत आलेला, अंगाने सडपातळ असा खेळाडू. त्याच उन्हाळ्यात फ्रान्समधूनच आलेला एन्गोलो कांते हा ठेंगणा व मितभाषी. यांपैकी कोणाच्याही नावाला तेव्हा वलय नव्हते. गुणतक्ता आणि किंमत ही दोन्ही कालच्या खेळाची मोजमापे; उद्याची भूक त्यांत मोजली जात नाही.

तिसरी गोष्ट अगदी साधी होती. चेल्सी, आर्सेनल व दोन्ही मँचेस्टर हे संघ आठवड्याच्या मध्यावर युरोप खंडाच्या स्पर्धेतही खेळत. लेस्टरला ते ओझे नव्हते. त्यामुळे त्याच्या खेळाडूंना विश्रांती मिळे आणि जवळजवळ तोच संघ प्रत्येक सामन्यात उतरू शके. कर्णधार वेस मॉर्गन तर ३८ सामन्यांत एक मिनिटही मैदानाबाहेर राहिला नाही.

८ ऑगस्ट २०१५ रोजी लेस्टरने पहिल्याच सामन्यात संडरलँडवर चार विरुद्ध दोन गोलांनी विजय मिळवला. गोल तर होत होते, परंतु बचाव सैल होता. पहिल्या नऊ सामन्यांत एकदाही आपले गोलद्वार सुरक्षित ठेवणे लेस्टरला साधले नाही. त्याच्यावर १७ गोल झाले. तेव्हा रानिएरींनी युक्ती योजिली. ‘ज्या दिवशी प्रतिपक्षाला एकही गोल करू देणार नाही, त्या दिवशी तुम्हां सर्वांना माझ्यातर्फे पिझ्झा,’ असे त्यांनी सांगितले. दहाव्या सामन्यात क्रिस्टल पॅलेसवर एक विरुद्ध शून्य असा विजय मिळाला आणि प्रशिक्षकांनी आपला शब्द पाळला. मात्र उपाहारगृहात नेल्यावर त्यांनी खेळाडूंनाच पीठ थापायला लावले! जे खावयाचे ते कष्टून मिळवावे, हा त्यातील भावार्थ. उरलेल्या २९ सामन्यांत मिळून लेस्टरवर केवळ १९ गोल झाले, यावरून बचाव किती सुधारला ते कळून येईल.

इकडे वार्डीने सलग ११ सामन्यांत गोल करून प्रीमियर लीगमध्ये नवा विक्रम स्थापला. २०१४ च्या नाताळात जो संघ तळाशी होता, तोच २०१५ च्या नाताळात शिरोभागी विराजमान झाला. तरीही लोक म्हणत, ‘आता घसरगुंडी सुरू होईल.’ लेस्टरमध्येच जन्मलेले व एके काळी त्याच संघातून खेळलेले गॅरी लिनेकर यांनी तर जाहीर केले, की लेस्टर विजेता ठरल्यास आपण दूरचित्रवाणीवर अंतर्वस्त्र तेवढे नेसून कार्यक्रम सादर करू. ६ फेब्रुवारी २०१६ रोजी लेस्टरने मँचेस्टर सिटीला तिच्याच मैदानावर तीन विरुद्ध एक असे हरवले, तेव्हा हसणाऱ्यांचे हसू मावळले. मार्च आणि एप्रिलमध्ये तर लागोपाठ चार सामने लेस्टरने एक विरुद्ध शून्य अशा फरकाने जिंकले. एकच गोल करावयाचा आणि जिवाच्या आकांताने तो राखावयाचा!

२ मे २०१६ रोजी दुसऱ्या स्थानावरील टॉटनहॅमला चेल्सीविरुद्ध विजय अत्यावश्यक होता. मध्यंतरापर्यंत टॉटनहॅमकडे दोन गोलांची आघाडी होती. परंतु चेल्सीने दोन गोल फेडून सामना बरोबरीत सोडवला आणि त्याच क्षणी लेस्टर विजेता ठरला. समीक्षकांनी ज्याला विजेता मानले होते, त्याच चेल्सीच्या हातून लेस्टरच्या विजयावर शिक्कामोर्तब व्हावे, हा केवढा योगायोग! अखेरच्या गुणतक्त्यात लेस्टरचे ८१ गुण होते, आर्सेनलचे ७१. लेस्टर केवळ तीनच सामने हरला. चेल्सी दहाव्या स्थानी राहिला. आणि लिनेकर? पुढील ऑगस्टमध्ये त्यांनी खरोखरच उघड्या अंगाने कार्यक्रम सादर करून आपला शब्द खरा केला.

येथे गोष्ट संपती, तर ‘भाकिते सारी व्यर्थ’ असे म्हणून मोकळे होता आले असते. परंतु ती येथे संपत नाही. पुढच्या हंगामात कांते चेल्सीकडे गेला आणि चेल्सी पुन्हा विजेता झाला. लेस्टरच्या वाट्याला युरोपातील सामनेही आले. संघ घसरत घसरत तळाजवळ पोहोचला, आणि ज्या रानिएरींना काल लोकांनी डोक्यावर घेतले होते, त्यांना २३ फेब्रुवारी २०१७ रोजी पदावरून दूर करण्यात आले. विजेतेपदाला तेव्हा वर्षही पुरे झाले नव्हते. पुढे २०२३ साली लेस्टरला खालच्या श्रेणीतही जावे लागले. याचा अर्थ समीक्षकांची मोजमापे खोटी नव्हती. द्रव्यबळ, विश्रांती, चांगले खेळाडू, या सर्वांना महत्त्व आहेच. त्यांचा अंदाज बहुधा खरा ठरतो. परंतु ‘बहुधा’ आणि ‘नेहमी’ या दोन शब्दांत जे अंतर आहे, तेवढ्या जागेत लेस्टरने आपले निशाण रोवले.

म्हणून हंगामापूर्वीचे भाकीत अवश्य करावे. ते केल्याने काय पाहावे हे कळते, नजर सूक्ष्म होते आणि खेळाची गोडी वाढते. मात्र ते करताना दुर्बळ मानलेल्याचा उपहास करू नये, आणि आपला तर्क चुकला तर तो चुकल्याचे मोकळ्या मनाने मान्य करावे. भाकीत करणाऱ्यापेक्षाही ज्याच्याविषयी भाकीत केले जाते, त्याने एक गोष्ट अधिक जपून ठेवावी. लोकांनी आपल्याला शेवटचा क्रमांक दिला, म्हणून हातपाय गाळू नयेत, आणि पहिला दिला, म्हणून निर्धास्त राहू नये. लेस्टरच्या खेळाडूंनी ५००० ला एक या आकड्याकडे पाहिले नाही. आधी ४० गुण, मग पुढचा सामना, मग त्याच्या पुढचा, एवढेच त्यांनी पाहिले. आपल्याकडे म्हणतातच, घोडामैदान जवळ आहे. घोड्याची परीक्षा अखेर मैदानातच व्हावयाची.

स्वाध्याय

१. साखळी स्पर्धा आणि बाद पद्धतीची स्पर्धा यांतील फरक सांगा. साखळीचे भाकीत करणे सोपे का समजले जाते?
२. लेस्टर तळाशी राहील, असे समीक्षकांना कोणत्या कारणांमुळे वाटले? त्यांच्या नजरेतून कोणत्या गोष्टी निसटल्या?
३. रानिएरींनी खेळाडूंना पीठ थापायला लावले, यातील हेतू स्पष्ट करा.
४. ‘“बहुधा” आणि “नेहमी” या दोन शब्दांत अंतर आहे’, हे तुमच्या अनुभवातील एखादे उदाहरण देऊन पटवून द्या.
५. पुढील वाक्प्रचारांचा वाक्यांत उपयोग करा : कपाळाला हात लावणे, हातपाय गाळणे, डोक्यावर घेणे, घोडामैदान जवळ असणे.
६. तुमच्या शाळेतील आंतरवर्गीय सामन्यांपूर्वी प्रत्येक वर्गाच्या संघाची ओळख करून देणारा दहा ओळींचा लेख लिहा. कोणाचाही उपहास होणार नाही, याची काळजी घ्या.